वाचकांचे प्रश्न : दुरून मागविलेली जड वाद्ये आणि ध्वनियंत्रे सुखरूप कशी आणावीत?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच अडचणीभोवती फिरत आहेत. जुना टर्नटेबल, म्हणजे तबकड्या वाजविण्याचे यंत्र, व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर, मोठे स्पीकर किंवा नाटकाच्या साथीचा ऑर्गन घरबसल्या ऑनलाइन पाहून पसंत करणे आता सोपे झाले आहे. मात्र ती वस्तू मुंबईहून, चेन्नईहून किंवा कोलकात्याहून सांगली-मिरजेपर्यंत धडपणे पोहोचेल की नाही, हे ती कशी बांधली यावर ठरते आणि बांधणीच्या वेळी घेणारा तेथे नसतो. त्यामुळे पैसे पाठविण्यापूर्वीच विक्रेत्याला नेमके काय सांगावे, हे घेणाऱ्याला माहीत असले पाहिजे. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांची उत्तरे या अंकात एकत्र देत आहे.

प्रश्न : चेन्नईतील एका गृहस्थांकडून मी टेक्निक्सचा एसएल-१२०० मार्क टू हा जुना टर्नटेबल घेण्याचे ठरविले आहे. यंत्र उत्तम चालते, असे त्यांनी चित्रफितीत दाखविले. त्यांच्याकडे मूळ खोके मात्र नाही. बबल रॅपचे पाच-सहा वेढे देऊन कुरियरने पाठवितो, असे ते म्हणतात. एवढी बांधणी पुरेल का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : पुरणार नाही, आणि ती का पुरणार नाही हे आपण त्या गृहस्थांना सविस्तर समजावून सांगावे. ते टाळाटाळ करीत आहेत असे मला वाटत नाही. बबल रॅप म्हणजे बांधणी, असा बहुतेकांचा प्रामाणिक समज असतो. बबल रॅप ओरखडा अडवितो आणि बाहेरून येणारा हलका धक्का सोसतो. टर्नटेबल मात्र बहुतेक वेळा बाहेरच्या माराने निकामी होत नाही. त्याचेच सुटे, जड भाग आतल्या आत एकमेकांवर आदळतात आणि नाजूक भाग मोडतात.

हे मी स्वतः सोसलेले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मुंबईतील एका विक्रेत्याकडून मी एक टर्नटेबल मागविला होता. खोके आले तेव्हा त्याचा एकही कोपरा दबलेला नव्हता आणि वरची चिकटपट्टीसुद्धा जशीच्या तशी होती. उचलताना मात्र आतून खळखळ ऐकू आली. उघडून पाहिले तर प्लॅटर, म्हणजे तबकडी ज्यावर ठेवतात ती धातूची जड चकती, आसावरून निसटून टोनआर्मवर, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीवर, आदळली होती. टोनआर्म वाकला होता, सुई मोडून पडली होती आणि मागचे वजन सुटून झाकणाला तडा गेला होता. बाहेरून बबल रॅपचे सात वेढे होते आणि त्यांतील एक फुगासुद्धा फुटलेला नव्हता.

आपला टर्नटेबल साडेबारा किलोच्या आसपास भरतो आणि त्यातील एकटी चकती सुमारे दोन किलोंची आहे. ती केवळ आसावर ठेवलेली असते, कोणत्याही स्क्रूने बांधलेली नसते. म्हणून विक्रेत्याने सर्वांत आधी रबरी मॅट आणि चकती काढून वेगळी गुंडाळावी. या जातीच्या यंत्रात चकतीच्या खालच्या बाजूस मोटारीचे चुंबक बसविलेले असते. त्यामुळे ती जमिनीवर किंवा कामाच्या टेबलावर उपडी ठेवली तर लोखंडाचा कीस आणि बारीक स्क्रू तिला चिकटून येतात. ती स्वच्छ कागदात गुंडाळून मगच फोममध्ये घालावी आणि खोक्यात यंत्राच्या खाली, स्वतंत्र कप्प्यात ठेवावी. यंत्राच्या वर ती कधीही ठेवू नये. चकती काढल्यावर मोटारीचा आस उघडा पडतो. त्याच्यावर कशाचाही भार येऊ नये म्हणून त्याच्याभोवती जाड पुठ्ठ्याचे कडे करून बसवावे.

त्यानंतर टोनआर्मकडे वळावे. पुढचा भाग, म्हणजे सुई धरणारे कार्ट्रिज बसविलेला हेडशेल, फिरवून काढता येतो. त्यावर सुईचे टोपण घालून तो लहान डबीत ठेवावा. मागचे वजनही काढून वेगळे गुंडाळावे, कारण दांडीच्या टोकाला लटकलेले वजन प्रत्येक धक्क्याला आतील बारीक बेअरिंगवर आघात करीत राहते. रिकामी दांडी तिच्या आधारावर ठेवून मऊ सुती दोऱ्याने सैलसर बांधावी. चिकटपट्टी थेट धातूवर लावू नये. प्लास्टिकचे पारदर्शक झाकण बिजागऱ्यांतून ओढून काढावे, कारण ते जागेवर ठेवून पाठविले तर बिजागरीजवळ हमखास तडकते.

एवढे झाल्यावरच गुंडाळणीचा प्रश्न येतो. यंत्राला आधी पातळ फोमचे आवरण, त्यावर पाण्यापासून रक्षणासाठी प्लास्टिकची पिशवी, मग एक घट्ट बसणारे खोके, आणि ते खोके त्याहून मोठ्या दुसऱ्या खोक्यात असे ठेवावे की सहाही बाजूंनी निदान ५ सेंटीमीटरची गादी राहील. बबल रॅप वापरायचाच असेल तर तो पॉलिश केलेल्या लाकडाला किंवा चकचकीत झाकणाला थेट लावू नये, कारण उन्हात तापलेल्या गाडीत त्याच्या फुग्यांचे गोल वण पृष्ठभागावर कायमचे उमटतात.

आपले यंत्र थेट मोटारीवर फिरणारे असल्यामुळे पुढील गोष्ट आपल्याला लागू नाही, पण इतरांसाठी लिहितो. पट्ट्यावर चालणाऱ्या अनेक यंत्रांत चकती आणि टोनआर्म स्प्रिंगांवर तरंगणाऱ्या पाटावर बसविलेले असतात, तसेच जुन्या रेडिओग्राममधील, म्हणजे रेडिओ आणि टर्नटेबल एकत्र असलेल्या यंत्रातील, तबकड्या आपोआप बदलणारे रेकॉर्ड चेंजरही स्प्रिंगांवरच असतात. अशा यंत्रांना वाहतुकीच्या वेळी तो पाट जखडून ठेवणारे खास स्क्रू दिलेले असतात. ते कोणत्या दिशेने फिरविले म्हणजे पाट जखडला जातो, हे प्रत्येक यंत्रात सारखे नसते, म्हणून त्या यंत्राची माहितीपुस्तिका पाहूनच ते फिरवावेत आणि वस्तू आल्यावर ते पुन्हा सैल करण्यास विसरू नये.

प्रश्न : हैदराबादहून मी व्हॉल्व्हचा एक जुना अ‍ॅम्प्लिफायर घेत आहे आणि माझे स्वतःचे दोन मोठे स्पीकर नाशिकच्या एका ग्राहकाला विकले आहेत. आमच्या घरी द्राक्षांच्या हंगामातील पुठ्ठ्याची कोरी खोकी शेकड्याने पडून आहेत. ती जोडून मोठे खोके करता येईल का? आणि अ‍ॅम्प्लिफायरविषयी विक्रेत्याला काय सांगू?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : द्राक्षांची खोकी वापरू नयेत. ती काही किलो मालासाठी आणि हवा खेळती राहावी म्हणून भोके पाडून बनविलेली असतात. २० किलोंचा स्पीकर त्यांतून पहिल्याच हमालीत बाहेर येईल. तशी दोन-चार खोकी चिकटपट्टीने जोडून केलेले मोठे खोके सांध्यावरच फाटते. मात्र द्राक्षे आणि बेदाणे यांच्या व्यवसायामुळे आपल्या भागात पुठ्ठ्याची खोकी बनविणारे कारखाने आहेत आणि ही आपली मोठी सोय आहे. माप देऊन सात पदरी, म्हणजे ज्याला कारखान्यात सेव्हन प्लाय म्हणतात, अशी दोन खोकी करून घ्यावीत. घरातील द्राक्षांची खोकी कापून त्यांचे पुठ्ठे आतील कप्पे करण्यासाठी खुशाल वापरावेत.

आता अ‍ॅम्प्लिफायरकडे येऊ, कारण या विषयातील खरा धडा त्यातच आहे. अशा यंत्राचे बहुतेक वजन त्याच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये असते. लोखंडी पत्र्यांचे आणि तांब्याच्या तारेचे हे ठोकळे एकाच कडेला तीन-चार स्क्रूंवर पातळ पत्र्याच्या सांगाड्याला बसविलेले असतात. समजा खोके कमरेच्या उंचीवरून, म्हणजे सुमारे ७५ सेंटीमीटरवरून, हातातून सुटले आणि फरशीवर आदळून अवघ्या १ सेंटीमीटरच्या अंतरात थांबले, तर त्यातील प्रत्येक भागावर सरासरीने त्याच्या वजनाच्या सुमारे ७५ पट जोर येतो. ५ किलोंचा ट्रान्सफॉर्मर त्या क्षणी आपल्या स्क्रूंना आणि खालच्या पत्र्याला पावणेचारशे किलोंच्या ओझ्याने ओढतो. तेच खोके ५ सेंटीमीटर जाडीच्या योग्य फोमवर पडले आणि तो फोम निम्मा दबला, तर थांबण्याचे अंतर अडीच सेंटीमीटर होते आणि जोर ३० पटींवर, म्हणजे त्याच ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत दीडशे किलोंवर येतो. स्क्रू तुटणे आणि न तुटणे यांतील फरक अनेकदा एवढाच असतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की फोम दबला पाहिजे, पण तळाला टेकता कामा नये. गादीतला मऊ स्पंज अशा वजनाखाली पापडासारखा सपाट होतो, थर्माकोलचा पातळ तक्ता एकदा चिरडला की पुढच्या धक्क्याला काहीच उरत नाही, आणि थर्माकोलचे सुटे गोळे भरले तर जड वस्तू प्रवासात हळूहळू त्यांच्यामधून खाली सरकून तळाशी जाऊन बसते. ताठर पांढरा पॉलिएथिलिन फोम, ज्याला दुकानदार ईपीई फोम म्हणतात, तो मागावा. त्याच्या जाड पट्ट्या आठही कोपऱ्यांना आणि ट्रान्सफॉर्मरच्या बरोबर खाली बसवाव्यात. दुसरी गोष्ट अशी की फोम कितीही चांगला असला तरी ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या वरचे आवरण यांच्यामधील पोकळी रिकामी राहू नये. खोके उलटे ठेवले गेले तर तो ठोकळा वरून लटकतो, म्हणून तेथे फोमचा नेमका कापलेला तुकडा घट्ट बसवावा. ज्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये गोल कड्यासारखा टॉरॉइड ट्रान्सफॉर्मर आहे, त्यांनी तर याची विशेष काळजी घ्यावी, कारण तो मधल्या एकाच बोल्टवर उभा असतो.

व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये ठेवून पाठवू नयेत. यंत्र पूर्ण थंड झाल्यावर प्रत्येक व्हॉल्व्ह सरळ वर उचलून काढावा, कोणता व्हॉल्व्ह कोणत्या सॉकेटमधला याची चिठ्ठी त्याला बांधावी, आणि काढण्यापूर्वी वरून एक छायाचित्र घ्यावे. प्रत्येक व्हॉल्व्ह पुठ्ठ्याच्या नळीत घालून सर्वांची वेगळी डबी करावी. ती डबी बाहेरच्या मोठ्या खोक्यातच, पण ट्रान्सफॉर्मरच्या विरुद्ध बाजूस ठेवावी. विक्रेत्याला एक इशारा अवश्य द्यावा की यंत्राचा तळ उघडून आत हात घालू नये. तारेची पिन काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट दाब बराच वेळ साठून राहू शकतो आणि तो जीवघेणा ठरतो. आतील काही घट्ट करायचे असेल तर ते जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

स्पीकर आपण स्वतः बांधणार आहात, म्हणून थोडक्यात सांगतो. दोन स्पीकर एका खोक्यात घालू नयेत. एका माणसाला न पेलणारे ओझे दोघे उचलतील असे आपण धरून चालतो, प्रत्यक्षात एकटाच माणूस ते ढकलत नेतो आणि शेवटच्या फुटावर सोडतो. पायाचे टोकदार खिळे आणि पुढची जाळी काढून ठेवावी. कोनसमोर, म्हणजे थरथरून आवाज काढणाऱ्या पडद्यासमोर, हार्डबोर्डचा तुकडा असा बसवावा की तो फक्त लाकडी चौकटीला टेकेल, कोनला किंवा ट्विटरच्या, म्हणजे उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरच्या, घुमटाला स्पर्श करणार नाही. आणखी एक जुनी युक्ती आहे. स्पीकरच्या मागील धन आणि ऋण टोके तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडली, तर कोन हलताना स्वतःच निर्माण केलेल्या विजेमुळे अडखळतो आणि प्रवासात कमी थरथरतो. मोठ्या वूफरला, म्हणजे खालच्या स्वरांच्या स्पीकरला, याचा उपयोग होतो. ग्राहकाला मात्र ठळक अक्षरांत लिहून द्यावे की ती तार काढल्याशिवाय स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरला जोडू नये, नाहीतर अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो.

प्रश्न : आमच्या कुटुंबात तंबोरे बनविण्याचा व्यवसाय आहे. आता परदेशातूनही ऑनलाइन मागणी येते. तंबोऱ्याचे वजन थोडे असूनही कुरियरवाले भलतेच भाडे लावतात. शिवाय लाकडी पेटीमुळे एकदा माल अडकला. काय चुकते आहे?
— एक वाचक, मिरज

उत्तर : प्रश्न जड वस्तूचा नसला तरी भाड्याच्या हिशेबात तो जडच ठरतो, म्हणून त्याला येथे जागा आहे. कुरियर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर भाडे लावतात. हवाई मार्गासाठी सर्वसाधारणपणे लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला ५,००० ने भागतात. १५० × ५० × ५० सेंटीमीटरच्या पेटीचा गुणाकार ३,७५,००० होतो आणि भागाकार ७५. म्हणजे चार-पाच किलोंच्या तंबोऱ्याला आपण ७५ किलोंचे भाडे भरता. पेटी १४० × ४५ × ४५ केली तर हा आकडा ५७ च्या आत येतो. ही बचत भोपळ्याभोवतीची गादी कमी करून मात्र करू नये. पेटीचा आकार सर्वत्र सारखा न ठेवता भोपळ्याकडे रुंद आणि दांडीकडे निमुळता केला तरी कुरियर सर्वांत रुंद मापच धरतात, हेही लक्षात ठेवावे.

लाकडी पेटी अडकली, त्याचे कारण बहुधा आयएसपीएम-१५ हा आंतरराष्ट्रीय नियम असावा. कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून कच्च्या लाकडाच्या पेट्यांवर प्रक्रिया करावी लागते. उष्णतेची प्रक्रिया केली तर लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान ३० मिनिटे टिकले पाहिजे, आणि त्या लाकडावर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह असलेला शिक्का लागतो. प्लायवूड हे उष्णता, दाब आणि डिंक वापरून बनविलेले असल्यामुळे या नियमातून मोकळे आहे. त्यामुळे संपूर्ण पेटी प्लायवूडची करावी आणि आधाराच्या पट्ट्याही प्लायवूडच्याच घ्याव्यात. पेटी प्लायवूडची आणि कोपऱ्यातील ठोकळे मात्र कच्च्या लाकडाचे असतील, तर ती पेटीही अडकू शकते.

वाद्याच्या बांधणीविषयी आपल्याला मी सांगावे असे फारसे नाही. पंढरपूर-मंगळवेढा भागातून येणारा भोपळा किती नाजूक असतो, हे आपल्या घरात जन्मलेल्या मुलालाही माहीत असेल. तरीही परदेशी ग्राहकांकडून ऐकलेल्या तक्रारींवरून दोन गोष्टी नोंदवितो. तारा पूर्ण काढू नयेत. चार-पाच स्वर उतरवून ढिल्या ठेवाव्यात, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती घोडी जागेवर राहते आणि तबलीवरचा, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावरचा, ताणही कमी होतो. भोपळा एका बिंदूवर टेकू नये. त्याच्या गोलाईप्रमाणे कापलेल्या फोमच्या खळग्यात तो सर्व बाजूंनी सारखा बसावा, आणि गळ्याखाली वेगळा आधार द्यावा, म्हणजे दांडीचे वजन जोडावर येणार नाही. थंड देशात पेटी पोहोचल्यावर ती लगेच उघडू नये, घरातल्या तापमानात एक दिवस बंदच ठेवावी, अशी चिठ्ठी आत घालावी. जुन्या वाद्यांवर हस्तिदंताचे किंवा सांबरशिंगाचे काम असेल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्यांचा व्यापार आणि निर्यात करता येत नाही, तेव्हा तशी मागणी स्वीकारू नये. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. इतक्या परिश्रमाने घडविलेले वाद्य खोक्यातच फुटून पोहोचले, तर ग्राहकाच्या मनात गावाचेच नाव खाली येते, म्हणून मला याविषयी एवढी कळकळ वाटते.

प्रश्न : आमच्या हौशी नाट्यमंडळाने संगीत नाटकासाठी पायाने चालवायचा जुना ऑर्गन ऑनलाइन जाहिरात पाहून पुण्यातून घेतला आहे. ट्रान्सपोर्टने मागवावा का?
— एका नाट्यमंडळाचे कार्यवाह, सांगली

उत्तर : मागवू नये. १८४३ मध्ये ज्या गावात मराठी नाटकाचा पहिला प्रयोग झाला, त्या गावात संगीत नाटकाचा ऑर्गन येतो आहे, याचा मला मनापासून आनंद आहे, आणि म्हणूनच सांगतो की मंडळातील तिघा-चौघांनी टेम्पो घेऊन पुण्याला जावे आणि तो स्वतः आणावा. ट्रान्सपोर्टचा माल वाटेतील गोदामांत दोन-तीन वेळा उतरतो आणि चढतो, आणि वाद्याचे बहुतेक नुकसान रस्त्यावर नव्हे तर या चढउतारात होते. पुणे ते सांगली हे अंतर एका दिवसात येऊन-जाऊन होण्यासारखे आहे.

ऑर्गन नेहमी उभाच ठेवावा. तो आडवा केला तर आतील भाते आपल्या वजनाने एका बाजूला लोंबतात, जुने कापड सांध्यातून सुटते आणि स्वरांच्या पितळी पट्ट्यांवर वर्षानुवर्षे साचलेली धूळ पसरते. पायट्यांचे पट्टे ओढून नीट बांधावेत, म्हणजे पायट्या हेलकावे घेणार नाहीत. वाजविण्याच्या पट्ट्यांवरचे झाकण बंद करण्यापूर्वी त्या पट्ट्यांवर घडी घातलेली मऊ चादर ठेवावी आणि पुस्तक ठेवण्याची फळी, दिव्यांचे कंस अशा बाहेर आलेल्या गोष्टी काढून वेगळ्या न्याव्यात. मागची फळी उघडून आत उंदरांनी काही केले आहे का, हे तेथेच पाहावे. टेम्पोत तो त्याच्या चाकांवर उभा करू नये. तळाखाली दोन आडव्या लाकडी पट्ट्या घालून चाके अधांतरी ठेवावीत, चहूबाजूंनी गोधड्या लावाव्यात आणि दोर वाद्याच्या नक्षीवर न येता गोधडीवर येईल अशा बेताने तो टेम्पोच्या कडीला बांधावा.

प्रश्न : ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या मागवीत आहे. एका खोक्यात साठ बसतील, असे विक्रेता म्हणतो.
— एक वाचक, विटा

उत्तर : बसतील, पण साठ पाठवू देऊ नका, वीस-पंचवीसच्या पुढे जाऊ नये. लाखेच्या तबकड्या व्हिनाइलच्या, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या, तबकड्यांसारख्या लवचीक नसतात आणि वाकण्याऐवजी त्या सरळ तुटतात. अल्बमच्या जाड पुस्तकात त्या तशाच ठेवून पाठविल्या तर पुस्तकाच्या शिवणीजवळ चिरतात, म्हणून पुस्तकातून बाहेर काढून प्रत्येक तबकडी कागदी पाकिटात घालावी. दर पाच तबकड्यांनंतर त्यांच्याएवढाच कडक पुठ्ठा लावून दहा-दहांचे घट्ट गठ्ठे करावेत. ते आडवे न रचता उभे ठेवावेत आणि खोके हलविल्यावर आत काहीही सरकता कामा नये. पावसाळा असेल तर गठ्ठे प्लास्टिकमध्ये बंद करण्यास सांगावे. पुठ्ठा ओला झाला की त्याची ताकद जाते, आणि कृष्णेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर सखल भागातील गोदामात माल किती दिवस पडून राहील, याची चौकशी आधी करून ठेवावी, हे तुमच्या भागातील लोकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

प्रश्न : एका ऑनलाइन दुकानातून घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर वाकलेल्या सांगाड्याने आला. कुरियर म्हणतो बांधणी वाईट होती, दुकान म्हणते कुरियरने आपटला. दाद कोठे मागावी?
— एक वाचक, मिरज

उत्तर : दोघांचेही म्हणणे एकाच वेळी खरे असू शकते, आणि त्या दोघांच्या वादात आपण पडण्याचे कारण नाही. आपला व्यवहार दुकानाशी झाला आहे, तेव्हा लेखी तक्रार दुकानाकडेच करावी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार अशा दुकानाने तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असला पाहिजे, त्याने ४८ तासांच्या आत तक्रारीची पोच दिली पाहिजे आणि एका महिन्याच्या आत तिचे निवारण केले पाहिजे. ते झाले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. त्यानेही भागले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दुकान कोणत्याही शहरातले असले तरी आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, म्हणजे आपल्या बाबतीत सांगलीच्या आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते. ज्यांनी दुकानाऐवजी एखाद्या खासगी गृहस्थाकडून जुनी वस्तू घेतली असेल, त्यांना हा मार्ग सहसा मिळत नाही. म्हणून तशा व्यवहारात बांधणीच्या अटी पैसे देण्यापूर्वी लेखी ठरवून घेणे आणि बांधणीच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे मागविणे एवढेच संरक्षण हाती राहते.

वाहतूकदाराबाबत लोकांची एक मोठी गैरसमजूत आहे. पावतीवर किंमत लिहिली म्हणजे तेवढी भरपाई मिळेल, असे अनेक जण धरून चालतात. २००७ च्या रस्तामार्गे मालवाहतुकीच्या कायद्याखाली, माल पाठविणाऱ्याने अधिक किंमत जाहीर करून जास्त जोखमीचा दर भरला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंतच मर्यादित राहते. आठशे रुपये भाडे भरले असेल तर मर्यादा आठ हजारांची, मग यंत्र साठ हजारांचे का असेना. या कायद्यात कुरियर कंपन्याही येतात. मालाच्या वाहतुकीचा वेगळा विमा उतरविता येतो आणि महागड्या वस्तूसाठी तो उतरवावाच. परंतु अपुऱ्या किंवा अयोग्य बांधणीमुळे झालेले नुकसान अशा विम्यातून सहसा वगळलेले असते. त्यामुळे वाईट बांधलेल्या वस्तूचा विमा उतरविणे म्हणजे हप्ता वाया घालविणे आहे.

आपल्याकडे खोके, आतील फोम आणि चिकटपट्ट्यासुद्धा अजून जशाच्या तशा असतील तर त्या टाकू नयेत; तेच आपले पुरावे आहेत. यंत्राचा क्रमांक, वाकलेला भाग, त्याच्या खालचा फोम आणि खोक्याच्या सहाही बाजू यांची छायाचित्रे आजच घ्यावीत, आणि यंत्राला वीज लावून पाहू नये. पुढील वेळी खोके स्वीकारताना ते दबलेले दिसले किंवा आतून आवाज आला, तर पोच देताना त्या कागदावर तसे स्पष्ट लिहावे आणि उघडताना पहिल्या चिकटपट्टीपासून सलग चित्रफीत घ्यावी. वाहतूकदारावर दावा करायचा झाल्यास माल नोंदविल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत त्याला लेखी नोटीस पोहोचलेली असली पाहिजे. हे दिवस वस्तू हाती आल्याच्या नव्हे, तर ती विक्रेत्याने नोंदविल्याच्या तारखेपासून मोजले जातात, म्हणून दुकानाकडून बिल्टीची किंवा कुरियरच्या नोंदणी पावतीची प्रत आपण याच आठवड्यात मागवून घ्यावी.